बरोबरी नको असलेल्याची कोंडी: आनंद–टोपालोव्ह, सोफिया २०१०, बारावा डाव

पार्श्वभूमी

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं झाकायची रीत आहे. इथं ती पाळण्यात अर्थ नाही. डावातली एक-एक चाल जगजाहीर आहे, आणि नावं काढली तर निर्णयांमागची कारणंही जातील. इथं खेळणाऱ्यांचा पूर्वेतिहास पटावरच्या स्थितीइतकाच महत्त्वाचा आहे.

२०१० सालच्या एप्रिल-मे महिन्यात बल्गेरियाची राजधानी सोफिया इथं बुद्धिबळाच्या विश्वविजेतेपदाची लढत झाली. गतविजेता विश्वनाथन आनंद, आव्हानवीर वेसेलिन टोपालोव्ह. टोपालोव्हसाठी घरचं मैदान, आणि मानांकन २८०० च्या वर, म्हणजे त्या वेळी आनंदपेक्षा किंचित अधिक. आनंदची सुरुवातच ओढाताणीची झाली. आइसलंडमधल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातली विमानं जमिनीवर होती आणि तो फ्रँकफर्टला अडकला. त्यानं तीन दिवसांची मुदत मागितली, मिळाली एका दिवसाची. शेवटी जवळपास ४० तासांचा रस्त्याचा प्रवास करून तो सोफियाला पोहोचला.

लढत १२ डावांची, जिंकायला ६.५ गुण. ६–६ झाले तर १३ मे रोजी रॅपिड टायब्रेक, म्हणजे कमी वेळाच्या जलद डावांनी निर्णय. पहिला डाव टोपालोव्हनं जिंकला, दुसरा आणि चौथा आनंदनं, आठवा पुन्हा टोपालोव्हनं. बाकीचे सात बरोबरीत. म्हणजे अकरा डावांनंतर ५.५–५.५. शेवटच्या डावाची तारीख ११ मे, आणि पांढरी मोहरी टोपालोव्हकडे.

आणखी एक तपशील ध्यानात ठेवायचा. टोपालोव्हनं आधीच जाहीर केलं होतं की तो प्रतिस्पर्ध्याशी बोलून बरोबरी करणार नाही. बोलायचं ते पंचांमार्फत. त्यामुळे या लढतीत ‘बरोबरी घेतोस का’ हा प्रश्न विचारायची सोपी वाट उरली होती ती एकच, चालींची पुनरावृत्ती (तीच स्थिती तीनदा आली की डाव बरोबरीत).

अडचण

दोघांची अडचण वेगवेगळी होती, आणि एकाच्या अडचणीतून दुसऱ्याचा उपाय निघाला.

आनंदची अडचण काळ्या मोहऱ्यांची. या लढतीत तोवर तो पाच डाव काळ्या मोहऱ्यांनी खेळला होता. त्यातले दोन हरला, तीन बरोबरीत सुटले. पहिल्या डावात ग्रुनफेल्ड बचावात (काळ्याच्या सुरुवातीच्या चालींची एक ठरलेली पद्धत; पुढं येणारा स्लाव्हही तशीच एक) तयारीचा क्रम विस्कटला आणि टोपालोव्हच्या घोड्याच्या बलिदानानं डाव तिथंच संपला. तिसऱ्या आणि पाचव्या डावात स्लाव्ह बचावानं त्याला तारलं. आठव्यात तोच स्लाव्ह पुन्हा खेळला, विरुद्ध रंगांच्या उंटांच्या, वाचवता येण्याजोग्या शेवटात एक चाल चुकली आणि डाव गेला. दहाव्यात पुन्हा ग्रुनफेल्ड, बरोबरी. म्हणजे टोपालोव्हच्या चमूनं दोन्ही बचावांवर भरपूर घाम गाळलेला होता, हे आनंदला पटावरच कळून चुकलं होतं.

टोपालोव्हची अडचण दिनदर्शिकेत होती. आज बरोबरी झाली की दोन दिवसांनी रॅपिड, आणि रॅपिडमध्ये आनंद हा त्या पिढीतला सर्वांत धोकादायक माणूस. त्यात टोपालोव्हची स्वतःची जखम जुनी होती. २००६ साली एलिस्ता इथं व्लादिमिर क्राम्निकविरुद्धची, दोन वेगळी विश्वविजेतेपदं एक करणारी लढत १२ डावांनंतर ६–६ अशी सुटली, आणि टोपालोव्ह ती रॅपिडमध्येच २.५–१.५ असा हरला. पांढरी मोहरी असलेला हा अखेरचा डाव त्याच्या लेखी जिंकण्याची शेवटची चांगली संधी होता. नियमपुस्तिकेत बरोबरीला अर्धा गुण असतो. टोपालोव्हच्या हिशेबात त्या दिवशी तो अर्धा गुण खोटा होता.

समोरचे पर्याय

आनंदच्या चमूत खोलीच्या आत काय बोलणं झालं ते बाजूला ठेवू. पटावरून दिसणारे पर्याय तीन.

स्लाव्ह पुन्हा खेळायचा. ओळखीचा रस्ता, पण आठव्या डावानंतर विश्रांतीच्या दिवसांत समोरच्यानं त्यात नवीन काही शोधलेलं असणार. ग्रुनफेल्ड पुन्हा खेळायचा. तो लढाऊ आहे, पण तिथं पांढऱ्याला केंद्रात भक्कम प्यादी मिळतात आणि जिंकायला आतुर असलेल्या खेळाडूला नेमकं तेच हवं असतं. तिसरा पर्याय: लढतीत अजून न दिसलेलं काहीतरी, ज्यात गुंतागुंत कमी आणि पांढऱ्याला धरायला जागा नाही.

आनंदनं तिसरा निवडला, आणि तोही शंभर वर्षांपूर्वीचा. क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डमधला (पांढऱ्यानं देऊ केलेलं प्यादं काळा न घेणारी सुरुवात) लास्कर बचाव. १८९४ ते १९२१ एवढा काळ विश्वविजेता राहिलेल्या इमान्युएल लास्करनं १९०७ साली मार्शलविरुद्धच्या लढतीत तो वापरला, म्हणून त्याचं नाव. पुढं अर्तुर युसुपोव्हसारख्या खेळाडूंनी तो चालता ठेवला. बचावाची कल्पना साधी आहे. (घरांची नावं अशी: पटाच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८, पांढऱ्याची बाजू १ कडे.) पांढऱ्याचा उंट जी५ वरून एच४ वर सरकला की काळा सातव्या चालीला घोडा थेट ई४ वर टाकतो. उंटाला उंट, मग घोड्याला घोडा, अशा दोन जोड्या पटावरून उतरतात. काळ्याची नेहमीची तक्रार, म्हणजे आतल्या आत गुदमरणारी मोहरी, तिथल्या तिथं मिटते.

या निवडीकडे ‘सुरक्षित खेळला’ एवढंच म्हणून पाहणं मला अपुरं वाटतं. सुरक्षित तर ती होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ही ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, समोरच्याला फुकट काही देत नाही. ज्याला बरोबरी पुरते त्याच्यासमोर ती कंटाळवाणी. ज्याला बरोबरी चालणारच नाही त्याला मात्र जोखीम स्वतः विकत घ्यावी लागते, आणि तीही आपल्याच राजाच्या आसपास.

डाव आणि त्यातले निर्णय

पहिल्या वीस चालींवर फार रेंगाळायला नको. १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. घोडा एफ३ उंट ई७ ५. उंट जी५ एच६ ६. उंट एच४ किल्लेकोट ७. ई३ घोडा ई४. पुढं पांढऱ्यानं हत्ती सी१ वर आणला, काळ्यानं सी६ खेळून आधी सी३ वर घोडे आणि मग सी४ वर प्यादी मारामारीत काढली. तेराव्या चालीला आनंदनं बी६ खेळलं. याच ठिकाणी लगेच ई५ खेळून केंद्र उघडण्याचीही जुनी वाट आहे. बी६ जरा संथ. पुढच्या चालीला सी५ येणार आणि पांढऱ्या घरांवरून चालणारा उंट लांब कर्णावर बसणार, हा त्यातला हेतू.

१८व्या चालीनंतर चित्र असं: पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती, एक घोडा. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, एक उंट. सी५ वरचं काळं प्यादं एकटं पडलेलं, ए७ वरचंही तसंच. पाठ्यपुस्तक पांढऱ्याला ‘किंचित बरं’ म्हणेल. मोबदल्यात काळ्याचा उंट मोकळा आणि हत्तींना बी आणि डी ओळी मिळालेल्या.

पहिला निर्णय: एफ३, जी३, राजा जी२. २१व्या चालीला टोपालोव्हनं एफ३ खेळून बी७ वरच्या उंटाच्या तोंडावर प्यादं बसवलं. हत्ती एफ२ वर, मग जी३, मग राजा जी२ वर. एकेक चाल पाहिली तर प्रत्येकीला कारण आहे. एकत्र पाहिलं तर मात्र पांढऱ्याचा राजा ए८–एच१ या लांब कर्णावर येऊन बसला, आणि उंट व राजा यांच्यामध्ये उभं राहिलं एकच एफ३ चं प्यादं. इथून पुढं पांढऱ्यानं काहीही करावं, पण हा कर्ण उघडू देऊ नये, अशी अट त्यानं स्वतःवरच घालून घेतली. ही अट पुढच्या दहा चालींत त्याच्या लक्षातून निसटली. डाव तिथं हरला गेला असं माझं मत आहे. ३२वी चाल हा नुसता पंचनामा.

दुसरा निर्णय: पुनरावृत्ती नाकारणं. २४व्या चालीला आनंदनं उंट डी३ वर नेऊन वजिरावर हल्ला केला. वजीर सी१ वर गेला. उंट परत ए६ वर. आता पांढऱ्यानं वजीर सी२ वर आणला असता तर उंट पुन्हा डी३, आणि तीच स्थिती तीनदा येऊन डाव बरोबरीत. न बोलता केलेला हा प्रस्तावच होता. टोपालोव्हनं २६व्या चालीला हत्ती सी३ वरून ए३ वर नेला आणि प्रस्ताव फेटाळला.

या चालीवर पुढं पुष्कळ टीका झाली, मला ती अर्धीच पटते. नाकारणं समजण्यासारखं आहे. रॅपिडची भीती खरी होती. दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये मॉस्कोत, आनंदनं बोरिस गेल्फंडविरुद्ध ६–६ नंतरची रॅपिड २.५–१.५ अशी जिंकून ती भीती वाजवी होती हे दाखवलं. पटावरही पांढऱ्याला अजून काही धोका नव्हता. खटकते ती नाकारण्याची रीत. ए३ वरचा हत्ती ए७ च्या प्याद्याकडे पाहत काठावर गेला, घोडा बी३–ए५–सी४ असा वजीराच्या बाजूला फिरला, आणि राजाजवळ राखणीला उरला एक हत्ती. बरोबरी नाकारून जिंकायला निघालेल्यानं आधी घराची कडी लावायची असते.

तिसरा निर्णय: ई५ आणि एफ५. हा आनंदचा, आणि माझ्या मते डावातला सर्वांत धाडसी. २९व्या चालीला घोडा सी४ वर आला तेव्हा काळ्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. आनंदनं ई५ खेळलं, टोपालोव्हनं ई४. आता नीट पाहा. ई४ वरच्या प्याद्यानं उंटाचा कर्ण बंद केला, आणि डी५ हे घर पांढऱ्याचं झालं. सी४ वरचा घोडा ई३ मार्गे दोन चालींत डी५ वर बसला असता, आणि मग तासन् तास त्रास देत राहिला असता. बरोबरी पुरणारा खेळाडू अशा वेळी बहुधा मागं सरतो, हत्ती इकडून तिकडे करतो. तसं केलं असतं तर पांढऱ्याला हवं होतं नेमकं ते मिळालं असतं, दीर्घ आणि बिनजोखमीचा दबाव.

आनंदनं ३०व्या चालीला एफ५ ढकललं. आपल्याच राजासमोरचं प्यादं पुढं काढलं, पण वार ई४ वर, म्हणजे कर्णाच्या बुचावर. ‘सुरक्षित’ ओपनिंग निवडलेल्यानं तीस चालींनंतर राजाबाजू उघडली, हे विसंगत वाटेल. मला त्यात विसंगती दिसत नाही. कोणाचा राजा कर्णावर आहे, एवढाच प्रश्न त्यानं विचारला होता.

चौथा निर्णय: दोन वेळा प्यादं मारणं. ३१व्या चालीला टोपालोव्हनं एफ५ वरचं प्यादं मारलं. एक प्यादं वर. ई४ रिकामं झालं आणि आनंदचं प्यादं लगेच ई५ वरून ई४ वर आलं. ३२व्या चालीला टोपालोव्हनं एफ३ च्या प्याद्यानं तेही मारलं. दोन प्यादी वर, आणि कर्णावरचं शेवटचं झाकणही निघालं. वजीर ई४ वर शह देत उतरला.

राजा जी१ वर गेला असता तर वजीर एच१ वर येऊन मात होती, मागून ए८ चा उंट आधाराला. एफ१ वर गेला तरी वजिराचा एच१ वरूनच शह, आणि राजा ई२ वर सरकला की सी१ वरचा पांढरा वजीर उघड्यावर. म्हणून राजा एच३ वर. काळ्यानं हत्ती डी४ वर आणला, पांढऱ्याचा घोडा ई३ वर.

इथं, ३४व्या चालीला, आनंदनं जी चाल केली ती वर्गात मुलांना दाखवावी अशी आहे. हल्ला रंगात असताना वजीर ई४ वरून थेट मागं, ई८ वर. शह नाही, काही मारणं नाही. पण तिथून वजिराला एच५ दिसतं, आणि ई४ रिकामं झाल्यामुळे उंटाला जी२. एच५ वर शह आला की राजाला जी२ बंद, जी४ बंद, एच४ वर मध्ये घालायला काही नाही: मात. नवशिका शहामागून शह देत सुटतो आणि राजा निसटतो. इथं एका माघारीनं जाळं पूर्ण झालं.

टोपालोव्हनं जी४ खेळून एच५ झाकलं, आनंदनं एच६ चं प्यादंच एच५ वर सरकवलं. राजा एच४ वर आला, मग जी५ चा शह, पांढऱ्यानं ते प्यादं जाता-जाता (‘आं पासां’ नियमानं) मारलं, वजिरानं जी६ वर परत मारलं. राजा आता पटाच्या काठावर उघडा. त्यानंतरही पांढऱ्यानं प्रतिकार सोडला नाही. हत्ती एफ८ वर शह, घोडा एफ५ वर शह, वजीर एफ१ वर तयार. हा टप्पा काळ्यासाठी सरळ नव्हता, एका चुकीत सगळं उलटलं असतं. आनंदनं ४५व्या चालीला हत्ती जी२ वर देऊन वजीर मिळवला, आणि दोन चालींत हिशेब असा झाला: काळ्याकडे वजीर, पांढऱ्याकडे हत्ती आणि घोडा, दोघांकडे तीन-तीन प्यादी.

निकाल

५६व्या चालीला आनंदनं वजीर जी७ वर आणला आणि टोपालोव्हनं डाव सोडला. लढत ६.५–५.५. आनंदकडे विजेतेपद राहिलं, टायब्रेक झालाच नाही. शेवटच्या डावात, काळ्या मोहऱ्यांनी, प्रतिस्पर्ध्याच्या शहरात. मोहरी काळी असताना आनंदचा या लढतीतला हा एकुलता एक विजय.

वेगळं काय करता आलं असतं

पांढऱ्याकडून सुरुवात करू. ३१व्या चालीला एफ५ मारण्याऐवजी घोडा डी२ वर परतवता आला असता. काळ्यानं ई४ वर मारलं की घोड्यानं परत मारायचं, आणि तोच घोडा कर्णावर बूच म्हणून बसतो. जिंकण्याची आशा जवळपास संपली असती, टायब्रेक मात्र राहिला असता. त्या क्षणी टोपालोव्हला हे मानवलं नसतं, आणि खरी अडचण तिथंच होती. एका चालीआधीपर्यंत ‘मी जिंकायला खेळतोय’ असं ठरवलेल्या माणसाला पुढच्या चालीला ‘आता वाचवायला खेळू’ म्हणून वळणं जड जातं. ३२व्या चालीलाही ई४ चं प्यादं सोडून हत्ती ए३ वरून ई३ वर आणण्यासारखी वाट होती. काळ्यानं एफ३ वर मारलं असतं तर निदान काही काळ त्याचंच प्यादं त्याच्या उंटाच्या वाटेत उभं राहिलं असतं.

त्याहून आधीचा प्रश्न मला अधिक कामाचा वाटतो. जिंकायचंच आहे असं सकाळीच ठरलं होतं, तर पाचव्या चालीला उंट जी५ वर नेऊन मोहऱ्यांची अदलाबदल का स्वीकारली? उंट एफ४ वर ठेवण्याची पद्धतही प्रचलित आहे आणि तिथं लास्करची घोडा ई४ ही कल्पना त्याच रूपात लागू होत नाही. अर्थात हे आज, चाली समोर असताना सुचतं. लढतीत तोवर न खेळलेला बचाव अचानक समोर आला की घड्याळ चालू असताना माणूस ओळखीची चालच करतो. आनंदच्या निवडीतला निम्मा फायदा या अचानकपणाचा होता.

काळ्याच्या बाजूनं फार काही बदलण्यासारखं नाही, पण एक शंका आहे. बी६–सी५ नंतर एकटं पडलेलं सी५ चं प्यादं शांत खेळणाऱ्या पांढऱ्यासमोर ओझं ठरू शकलं असतं. समोर असा खेळाडू असता, ज्याला अर्धा गुण पुरतो आणि जो प्याद्यांना हात न लावता साठ चाली दाबत राहतो, तर तेराव्या चालीला लगेच ई५ खेळणं बरं. क्लबच्या स्पर्धेत हा बचाव वापरणाऱ्यांनी दोन्ही वाटा तयार ठेवाव्यात, आणि कोणती घ्यायची ते गुणतक्ता पाहून ठरवावं. शेवटच्या फेरीत समोरच्याला पूर्ण गुण हवा असेल तर बी६. त्याला अर्धा चालत असेल तर ई५.